भट्टी, गल्ला आणि गोष्टींचे यंत्र

आर. के. नारायण यांची ‘द व्हेंडर ऑफ स्वीट्स’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. साठीकडे झुकलेला जगन नावाचा एक मिठाईवाला दुकानाची किल्ली एका नातलगाच्या हाती देतो, चरखा उचलतो आणि नदीपलीकडच्या एका जुन्या उपवनात राहावयास निघतो, असा तिचा शेवट आहे. या शेवटामुळे ही कादंबरी बहुधा वानप्रस्थाची कथा म्हणून वाचली जाते. गांधीजींचा अनुयायी, गीतेचा वाचक, अखेरीस मोहातून सुटला, असा तिचा सारांश सांगितला जातो. हा सारांश चुकीचा नव्हे. परंतु तो अपुरा आहे, असे आम्हांस वाटते. आमच्या मते ही कादंबरी प्रथम एका दुकानाची आहे. मनुष्य स्वतःच्या हिमतीवर लहानसा धंदा उभा करतो, तो धंदा कशाच्या बळावर चालतो, आणि पुढच्या पिढीच्या हाती तो का जात नाही, हा तिचा खरा विषय होय. आमच्या धर्मग्रामांतील अनेक घरांना हा विषय परका नाही. म्हणून या जुन्या पुस्तकाकडे आम्ही पुन्हा वळत आहोत.

नारायण (१९०६–२००१) यांचे मालगुडी हे काल्पनिक गाव आमच्या पिढीस प्रथम दूरदर्शनने दाखविले. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मालगुडी डेज’ या मालिकेत अनंत नाग यांनी साकारलेला जगन पुष्कळांना आठवत असेल. मूळ पुस्तक आमच्या हाती आले ते पुढे, सेमिनरीच्या ग्रंथालयात. या गावाची ओळख आपणांस होते ती लहान धंद्यांतून. वडाखाली पेटी मांडून शेतकऱ्यांना कर्जाचे अर्ज भरून देणारा मार्गय्या (‘द फायनान्शियल एक्स्पर्ट’, १९५२), छापखाना चालविणारा नटराज (‘द मॅन-ईटर ऑफ मालगुडी’, १९६१) आणि हा जगन, यांपैकी कोणीही कोणाचा नोकर नाही. लेखकासही हे जग केवळ दुरून ठाऊक नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातील प्रकाशकांशी संबंध राखणे कठीण झाले, तेव्हा त्यांनी म्हैसुरात ‘इंडियन थॉट पब्लिकेशन्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. कागद, छपाई आणि विक्री यांची चिंता काय असते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

जगन गल्ल्याजवळ खुर्चीत बसून गीता वाचतो. पण त्याचे कान आतल्या भटारखान्याकडे लागलेले असतात. कढईतील चुरचुर थांबली की त्याचे वाचनही थांबते. स्वतः तो साखर आणि मीठ दोन्ही वर्ज्य करून बसला आहे. मालाची चव पाहण्याचे काम एक दूरचा नातलग करतो. तो रोज दुपारी थेट आत जातो, ताज्या पदार्थांचा समाचार घेतो आणि बाहेर येऊन आपला अभिप्राय देतो. हा प्रसंग वाचताना हसू येते खरे. पण त्यात धंद्याचे एक मर्म दडलेले आहे. जो पदार्थ आपण कधी खाणार नाही, तो दुसऱ्याच्या जिभेला उत्तम लागावा म्हणून हा मनुष्य वर्षानुवर्षे सावध राहिला आहे. गीतेच्या पानापेक्षा कढईच्या आवाजाकडे त्याचे चित्त अधिक एकाग्र होते. आम्हांस विचाराल, तर जगनची खरी साधना हीच आहे, आणि नारायण यांनी ती कोठेही नाव न देता रेखाटली आहे.

कल्पकता म्हणजे काहीतरी अपूर्व सुचणे, असा आपला समज असतो. लहान धंद्यात ती निराळ्या रूपाने वावरते. नटराजाच्या छापखान्यात बाहेरच्या बैठकीत खुर्च्या आहेत आणि मध्ये एक निळा पडदा आहे. पडद्यामागे मोठा कामगारवर्ग राबत असावा, असे गिऱ्हाइकांस वाटते. वस्तुतः तेथे शास्त्री नावाचा एक साहाय्यक आणि स्वतः नटराज एवढेच असतात. खिळे जुळविणे, छापणे, मुद्रिते तपासणे हे सारे दोघांत चालते. मोठे काम आले की शेजारच्या छापखान्यातील हायडेलबर्ग यंत्राचा आधार घेतला जातो. भांडवल नसते तेथे शेजार, ओळख, वेळेची आखणी आणि गोड जीभ हेच भांडवल करावे लागते. ही कल्पकता श्रमापासून वेगळी काढता येत नाही, कारण ती हाताने काम करता करताच सुचलेली असते.

आता गल्ल्याकडे वळू. संध्याकाळी सहानंतर जमणारे पैसे जगन वेगळ्या भांड्यात टाकतो. ते हिशेबाच्या वहीत येत नाहीत आणि त्यांवर करही भरला जात नाही. आपोआप उपजलेल्या या पैशाला नारायण गमतीने निष्कलंक गर्भसंभवाची उपमा देतात. येथे आम्हांस थोडे थांबणे भाग आहे. पोप पायस नववे यांनी १८५४ साली घोषित केलेले हे श्रद्धासत्य, पवित्र मरिया आपल्या मातेच्या उदरात आली त्या क्षणापासून मूळ पापाच्या डागापासून मुक्त होती, असे सांगते. पित्यावाचून जन्म, असा त्याचा अर्थ नव्हे. इंग्रजीत लिहिणारे पुष्कळ जण ही गल्लत करतात. तथापि या चुकलेल्या उपमेचा डंख मात्र नेमका बसला आहे. जगनला आपला पैसा निष्कलंक वाटतो, कारण त्याचा बाप कोण हे त्याने कधी विचारलेलेच नाही. त्याचा बाप आहे भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या सिवरामन आचाऱ्याचा आणि त्याच्या सोबत्यांचा घाम.

याच पैशाची पुढची कथा कादंबरीतील सर्वांत कठोर न्याय आहे. घरात दडवून ठेवलेली ही रक्कम जगनचा मुलगा माली परस्पर उचलतो आणि अमेरिकेस जाण्याची तयारी करतो. बापाने जे सरकारपासून लपविले, ते मुलाने बापापासून लपवून घेतले. नारायण येथे उपदेशाचा एक शब्दही लिहीत नाहीत. घटना पुढे ठेवतात आणि बाजूला होतात. शुभवर्तमानातील जक्कय सर्वांसमक्ष उभा राहून आपला हिशेब उघडा करतो. जगन मात्र सर्वसंगपरित्याग करून निघतानाही चेकबुक सोबत घेतो. त्याचे वैराग्य खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते अर्धवट आहे, आणि लेखकालाही हे पुरते ठाऊक आहे.

माली अमेरिकेहून परततो तो ग्रेस नावाच्या तरुणीसह आणि एक योजना घेऊन. गोष्टी लिहिणारे यंत्र परदेशी भागीदारीत येथे बनवावयाचे आणि त्यासाठी बापाने भांडवल घालावयाचे. पात्रे किती, भावना कोणती, कथानक कसे, हे बटणे फिरवून ठरविले की गोष्ट तयार! १९६७ च्या वाचकास हे निव्वळ प्रहसन वाटले असेल. आज अशी यंत्रे खरोखरच आली आहेत आणि आमच्या तरुणांच्या खिशातल्या फोनमध्ये ती बसलेली आहेत. त्यामुळे हे प्रकरण आज वाचताना हसू ओठांवरच थांबते.

तरीही मालीची थट्टा करून मोकळे होणे हा सोपा मार्ग आहे, आणि तो आम्ही घेणार नाही. यंत्र हे मुळात वाईट नव्हे. नटराजाचा छापखाना हेही यंत्रच आहे आणि जगनची कढई हेही एक साधनच. प्रश्न साधन धरणाऱ्या हाताचा आहे. नटराजाला खिळे जुळविता येतात, म्हणून यंत्र त्याचे चाकर होते. लेखक होण्यासाठी माली शिक्षण सोडतो, परंतु त्याने लिहिलेले काहीच आपल्यासमोर येत नाही. ज्याने एकही गोष्ट स्वतः घडविली नाही, तो गोष्टींचा कारखाना काढू पाहतो. श्रमाची पायरी गाळून निर्मितीच्या माडीवर चढण्याचा हा खटाटोप आहे. याच्या नेमके उलट उदाहरण लेखकाने चिन्न दोराई या पात्रात दिले आहे. हा मूर्तिकाराचा शिष्य पोटासाठी लोकांचे केस काळे करण्याचा धंदा करतो. पण गुरूने उपवनात ठेवलेली शिळा आणि तिच्यात दडलेली गायत्रीची मूर्ती तो विसरलेला नाही. त्याचा धंदा क्षुद्र आहे, मात्र त्याच्या हाताला काम ठाऊक आहे.

पुस्तकात आम्हांस एक उणीवही जाणवते. मन विरक्तीकडे वळू लागताच जगन एकाएकी मिठाईचे भाव अगदी खाली आणतो. गर्दी लोटते, माल लवकर संपतो, गावातील इतर व्यावसायिक हवालदिल होऊन त्याच्याकडे येतात. या भागातील विनोद उत्तम आहे. पण आचाऱ्यांच्या पोटाचे काय, हा प्रश्न लेखक ओझरता स्पर्श करून सोडून देतो. साऱ्या कादंबरीत भट्टीचा आवाज आपण ऐकतो, भट्टीपुढचा माणूस मात्र क्वचितच पाहतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात श्रमाचे मोल ठरविताना काय निर्माण झाले यापेक्षा कोण काम करीत आहे याला अग्रस्थान दिले. या कसोटीवर जगनचा धर्मशील उदारपणाही एक प्रकारची मालकीच ठरतो, कारण निर्णय एकट्याने घेतला आणि त्याची झळ इतरांनी सोसली. ग्रेसच्या बाबतीतही तसेच. परक्या घरात ती आपलेपणाने वावरते. परंतु तिच्या मनाचा तळ लेखक दाखवीत नाही.

मात्र ज्या ठिकाणी ही कादंबरी आमच्या जिव्हारी लागली, ते ठिकाण वेगळेच आहे. एका घरात राहणारे बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप तो नातलग पोहोचवितो. जगन मालीला पैसा देऊ शकतो, पण दुकान कसे उभे राहिले हे सांगत नाही. आपल्या तरुणपणाची आणि लग्नाची हकिकत त्याला आठवते ती शेवटी, एकट्याने. गोष्टींचे यंत्र मागणाऱ्या मुलाच्या घरीच एक गोष्ट होती, आणि ती कोणी त्याला सांगितली नाही.

आमच्या वडिलांचे शिंप्याचे लहानसे दुकान होते. एक मशीन, एक फळी, कानामागे खडू आणि गिऱ्हाइकांच्या मापांची जाड वही. कापड थोडे असले की ते बराच वेळ नुसते पाहत बसत आणि मग असे बेतत की उरल्या तुकड्यात धाकट्या मुलीचा पहिल्या कम्युनियनचा झगा निघे. मुलांचे गणवेश शिवताना शिवणीत माया ठेवीत, म्हणजे पोर वाढले की उसवून सैल करता यावे. एका कपड्यात दोन वर्षे निघत आणि दुकानाची शिलाई त्यामुळे कमी होई, हे त्यांनाही कळत होते. आम्ही त्यांचे एकुलते पुत्र सेमिनरीत गेलो. त्यांनी आनंदाने आशीर्वाद दिला आणि काही वर्षांनी दुकान बंद केले. आमच्या पाचारणाविषयी आम्हांस किंचितही खंत नाही. खंत आहे ती ही, की ते कापड कसे बेततात, हे आम्ही त्यांना एकदाही विचारले नाही. जगन सांगत नाही हा त्याचा दोष. माली विचारीत नाही हा त्याचा. आम्ही मालीच्या बाजूचे आहोत.

धर्मग्रामात घरभेटीस जातो तेव्हा बेकरी, सुतारकाम, फुलांचा धंदा, शिलाई अशा कामांवर संसार केलेली वडीलधारी मंडळी आम्हांस भेटतात. त्यांची मुले शिकली, नोकरीस लागली, काही परदेशी गेली. यात वाईट काहीच नाही. दुकान पुढे चालविलेच पाहिजे, असा आग्रह धरण्याचा अधिकार आम्हांस तर मुळीच नाही. परंतु दुकान मिटले तरी त्यातील विद्या मिटू देऊ नये. १ मे हा कामकरी संत जोसेफचा सण; पोप पायस बारावे यांनी तो १९५५ साली सुरू केला. नाझरेथच्या त्या सुताराने आपल्या पुत्राला जे शिकविले त्याची नोंद शुभवर्तमानात जवळजवळ नाही. पण लोक येशूला सुताराचा पुत्र म्हणून आणि स्वतः सुतार म्हणूनही ओळखत, एवढे मात्र नोंदलेले आहे. म्हणजे त्या घरात बापाने सांगितले होते आणि मुलाने विचारले होते.

नारायण यांची ही कादंबरी लहान आहे, चार संध्याकाळींत वाचून होते. घरात बाप आणि मुलगा दोघांनीही ती वाचावी. आणि वाचून झाल्यावर मुलाने पुस्तक मिटून बापाला एवढेच विचारावे, की तुमच्या दुकानाचा पहिला दिवस कसा होता.