‘महाराष्ट्रातलं दुसरं थंड हवेचं ठिकाण’: तोरणमाळवरच्या एका वाक्याची तपासणी



सुट्टीत नवापूरला घरी आले की पेटची तयारी करणारी मुलं-मुली एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, लिटरेचर रिव्ह्यूमध्ये नेमकं करायचं काय? सगळं वाचून सारांश लिहायचा ना?" नाही. सारांश हा त्यातला सोपा भाग आहे. वाचलेल्या प्रत्येक विधानाला ‘हे तुला कसं कळलं?’ असं विचारणं, हा खरा भाग. आज हे शोधनिबंधावरून न सांगता आपल्या जिल्ह्यातल्या तोरणमाळबद्दल जे लिहिलं जातं, त्यावरून सांगते.

तोरणमाळ हे अक्राणी तालुक्यातलं, सातपुड्याच्या पठारावरचं छोटं गाव. नवापूरहून नंदुरबार, शहादा, म्हसावद करत घाट चढायचा. पर्यटनाची कुठलीही माहिती उघडा, यादी साधारण सारखीच असते: यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट, मच्छिंद्रनाथ गुफा, गोरखनाथ मंदिर. आणि सुरुवातीलाच ते वाक्य, ‘महाराष्ट्रातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण.’

आधी माझी चूक कबूल करते. मी वनस्पतिशास्त्राची. सिनॉप्सिसमध्ये अभ्यासक्षेत्राचं वर्णन लिहिताना मी तोरणमाळची उंची १४६१ मीटर लिहिली. चार ठिकाणी तीच दिसली होती, म्हणून खात्री वाटली. सादरीकरणात सरांनी एकच प्रश्न विचारला, "मग अस्तंभा किती मीटर?" अस्तंभा १३२५ मीटर, महाराष्ट्रातल्या सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर. शाळेपासून पाठ आहे. म्हणजे माझ्या सिनॉप्सिसमध्ये गाव शिखराच्या वर बसलं होतं! महाबळेश्वरच्याही वर, कारण तेही साधारण १३५० मीटरवर आहे. सर रागावले नाहीत. पण पुढची दहा मिनिटं माझं कुणी काही गंभीरपणे ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

यातून पहिला धडा. चार ठिकाणी एकच आकडा दिसला म्हणजे चार पुरावे मिळाले, असं नाही. एकानं लिहिलं आणि तिघांनी उचललं, तर पुरावा एकच. किती जणांनी लिहिलं हे मोजू नका, किती जणांनी मोजलं ते मोजा.

आता बाकीचे आकडे बघा. कुठे ११४३ मीटर आहे, कुठे ११५५. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात १०३६ सुद्धा सापडतो. यातला खरा कुठला? थांबा, प्रश्नच थोडा चुकतोय. तोरणमाळ हे शिखर नाही, पठार आहे. पठाराला एकच उंची नसते. तलावाच्या काठाची वेगळी, कड्यावरच्या पॉइंटची वेगळी. त्यामुळे ११४३ आणि ११५५ यांच्यातला फरक समजून घेता येतो, १०३६ कुठल्या बिंदूचा हे शोधता येतं. १४६१ मात्र शेजारच्या माहितीशीच भांडतो. अशा आकड्याला ‘मोजमापातला फरक’ म्हणू नका, ती सरळ चूक आहे. दोन्हींत फरक करता आला पाहिजे.

"मग मोबाईलवर बघून लिहू का?" बघा, पण जपून. उपग्रहावरून मिळणारी मूळ उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. आपल्याकडे हा फरक पन्नास मीटरच्या आसपास जाऊ शकतो. काही ॲप तो दुरुस्त करून दाखवतात, काही नाही. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरच्या समोच्च रेषांशी ताडून बघा आणि उंची कुठल्या बिंदूची, कशानं मोजली, तेही लिहा.

आता ‘दुसरं’ हा शब्द. कशात दुसरं? उंचीत म्हणाल तर पाचगणीच सुमारे १२९० मीटरवर आहे, तिथेच क्रमांक गेला. थंडीत म्हणाल तर कुठल्या महिन्यातली थंडी? मे महिन्यातलं दुपारचं तापमान की जानेवारीतलं पहाटेचं? तोरणमाळ महाबळेश्वरच्या जवळजवळ चार अक्षांश उत्तरेला आणि समुद्रापासून लांब. हिवाळ्यात ते आपल्या उंचीच्या मानानं जास्त गारठू शकतं, आणि उन्हाळ्याचं चित्र वेगळं निघू शकतं. हवामानाची सरासरी काढायला ३० वर्षांच्या नोंदी धरायची पद्धत आहे. अशा नोंदी दाखवून क्रमांक लावणारं एकही पान मला आजवर भेटलेलं नाही. हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. ते तपासता येईल अशा रीतीनं मांडलेलंच नाही, आणि संशोधनाच्या दृष्टीनं हा जास्त मोठा दोष आहे.

"ताई, एवढ्यानं काय बिघडतं?" बिघडतं. दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, या हिशोबानं ११५५ आणि १४६१ मध्ये जवळजवळ २ अंशांचा फरक पडतो. एखादी वनस्पती किती उंचीपर्यंत वाढते हे मी चुकीच्या आकड्यानं लिहिलं, तर दहा वर्षांनी कुणीतरी येईल आणि ‘ही प्रजाती खाली सरकली’ असा निष्कर्ष काढेल. सरकलेलं झाड नसेल, सरकलेली असेल माझी नोंद.

नावाचंही तसंच. कुणी म्हणतं तोरणादेवीवरून, कुणी म्हणतं तोरणाच्या झुडपांवरून. तोरण म्हणजे झिझिफस रुगोसा, बोराच्या कुळातलं काटेरी झुडूप. मला अर्थातच दुसरी गोष्ट आवडते. पण झुडूप आज तिथे दिसलं म्हणून नाव त्यावरूनच पडलं, हे सिद्ध होत नाही. आवडता निष्कर्ष समोर आला की दुप्पट तपासा. युवनाश्व राजाची राजधानी इथे होती, ही कथाही आदरानं नोंदवा, पण ‘लोक असं सांगतात’ या रकान्यात. तिच्यावरून कालखंड ठरवू नका. उल्लेख किती जुना ते बघायचं असेल तर १८८० च्या खानदेश गॅझेटिअरपासून सुरुवात करा.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र ‘अस्पर्शित’ या शब्दाला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणीच्या डोंगरात भिल्ल आणि पावरा पिढ्यान् पिढ्या शेती करतात, उन्हाळ्यात आमचूरासाठी कैऱ्यांच्या फोडी वाळत घालतात. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला तीन राज्यांतून माणसं येतात. हे अस्पर्शित कसं? हाच शब्द प्रबंधात गेला, की ज्यांनी आपल्याला झाड ओळखून दाखवलं, तीच माणसं अभ्यासक्षेत्रातून गायब होतात.

या पानांचा उपयोग नाही असं नाही. रस्ता, ठिकाणांची नावं, यात्रेचा काळ हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. पोहोचण्यासाठी ती वाचा. पोहोचल्यावर स्वतः बघा.

आता तुमचा गृहपाठ. ‘नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलंय, दोन राज्यांच्या बाकावर फोटोही काढलाय. रेल्वे जुनी, पण ही हद्द १ मे १९६० ची. रंगवलेला बाक हा हद्दीचा पुरावा आहे का? नसेल तर कुठला कागद, कुठला नकाशा बघाल? अर्ध्या पानात लिहून काढा. तेवढं जमलं, की लिटरेचर रिव्ह्यूची सुरुवात झाली समजा.