दहावीच्या पुस्तकांतील उष्णतेचा जमाखर्च

परभणी जिल्ह्यात सोयाबीनची कापणी सप्टेंबरअखेरीस सुरू होते आणि नेमक्या त्याच सुमारास परतीचा पाऊस गाठतो. ओले पीक घाईने गंजीला लागले, वरून ताडपत्री पडली, की दोन-चार दिवसांनी शेतकरी गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहतो. आत ऊब लागली तर त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. गंजी तापली म्हणजे दाणा काळवंडणार, भाव पडणार आणि त्यातून ठेवलेले घरचे बियाणे पुढच्या जूनमध्ये उगवेल याचा भरवसा नाही.

ही उष्णता आली कुठून? हा प्रश्न आम्ही या भागातील दहावीच्या विद्यार्थ्यांना अनेकदा विचारला आहे. हुशार मुले बहुधा एकच उत्तर देतात: दाण्यातील रेणूंचे बंध तुटतात आणि त्या बंधांत साठलेली ऊर्जा बाहेर पडते. उत्तर आत्मविश्वासाने येते, पण ते चूक असते. मुलांनी ते स्वत:च्या मनाने रचलेले नाही. ते पुस्तकांतून आलेले आहे. म्हणून दोष मुलांना न देता पुस्तके तपासावीत, हे बरे.

बालभारतीची दहावीची ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ ही पुस्तके २०१८ साली दोन भागांत आली. पहिल्या भागातील रासायनिक अभिक्रियांच्या पाठात सांगितले आहे की, अभिक्रियेत अभिकारकांमधील काही बंध तुटतात आणि नवे बंध तयार होऊन नवे पदार्थ बनतात. ही मांडणी अचूक आहे. त्याच पाठात उष्मादायी आणि उष्माग्राही हे दोन शब्दही येतात. परंतु बंधांची ती तुटजोड आणि ही उष्णता यांची गाठ काही पक्की बांधली जात नाही. विद्यार्थ्याच्या हाती उरतात त्या दोन चिठ्ठ्या: गरम झाले तर ही लावा, गार झाले तर ती.

आता दुसरा भाग उघडावा. पेशीतील ऊर्जेच्या विवेचनात एटीपी या रेणूची ओळख आहे. फॉस्फेट गटांना जोडणाऱ्या बंधांत ऊर्जा साठलेली असते आणि तो बंध तोडून गरजेप्रमाणे ऊर्जा मिळवली जाते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातही असेच दोन सूर लागले. त्यातील पहिल्या पाठात अपघटनासाठी, म्हणजे पदार्थ तोडण्यासाठी, उष्णता, प्रकाश किंवा वीज पुरवावी लागते असे सांगितले. आणि पुढे जीवनप्रक्रियांच्या पाठात एटीपीमधील टोकाचा फॉस्फेट दुवा पाण्याच्या साहाय्याने तोडला की मोलमागे ३०.५ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते, असे आले. म्हणजे रसायनाच्या तासाला तोडायला ऊर्जा लागते आणि जीवशास्त्राच्या तासाला तोडल्याने ऊर्जा मिळते! विद्यार्थी दोन्ही वाक्ये पाठ करतो, दोन्हींचे गुण मिळवतो, आणि दोन्ही एकदम खरी कशी, हे त्याला कोणी विचारत नाही. बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करताना हीच विसंगती तो पुढे घेऊन जातो.

वस्तुत: नियम साधा आहे. बंध तोडायला नेहमीच ऊर्जा खर्च करावी लागते; बंध जुळताना नेहमीच ऊर्जा मिळते. एकमेकांना चिकटलेले दोन लोहचुंबक ओढून वेगळे करताना जोर आपल्याला लावावा लागतो. चुंबक स्वत:हून दूर उडत नाहीत. बंध म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग, ही वर्गात वारंवार दिली जाणारी उपमा नेमकी उलटी आहे. अभिक्रिया उष्मादायी की उष्माग्राही, हे खर्च आणि जमा यांची वजाबाकी ठरवते.

गोबरगॅसचे उदाहरण घेऊ. त्यातील जळणारा वायू म्हणजे मिथेन. मिथेनचा एक मोल जळताना कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तुटतात. प्रत्येकी सुमारे ४१३ प्रमाणे १६५२ किलोज्यूल खर्च. प्राणवायूच्या दोन मोलांतील बंध तुटतात. प्रत्येकी ४९८ प्रमाणे ९९६. एकूण खर्च २६४८. आता जमेची बाजू पाहा. कार्बन डायऑक्साइडमधील दोन बंध जुळतात. प्रत्येकी ७९९ प्रमाणे १५९८. पाण्याच्या वाफेच्या दोन मोलांत ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध जुळतात. प्रत्येकी ४६३ प्रमाणे १८५२. एकूण जमा ३४५०. शिल्लक राहिली ८०२ किलोज्यूल, आणि चुलीवरचे पातेले तापते ते या शिलकीवर. बंधांच्या या किमती सरासरी असल्या, तरी प्रत्यक्ष मोजलेली उष्णताही जवळपास एवढीच येते. आधी काडी का ओढावी लागते, याचाही उलगडा येथेच होतो: जमा होण्याआधी थोडा खर्च करावा लागतो.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. जळणात ऊर्जा भरलेली असते असे आपण म्हणतो; पण प्राणवायूचा दुहेरी बंध तुलनेने कमजोर आहे, आणि त्याच्या जागी येणारे बंध बळकट आहेत. शिलकीचे मोठे कारण ते आहे. क्लाउस श्मिट-रोर या रसायनशास्त्रज्ञाने २०१५ साली हे स्पष्टपणे मांडले: सेंद्रिय पदार्थ कोणताही असो, जळताना प्राणवायूच्या मोलमागे साधारण ४१८ किलोज्यूल उष्णता मिळते.

आता गंजीकडे परत येऊ. ओला दाणा आणि त्यावरील बुरशी श्वसन करतात. श्वसनात १८० ग्रॅम ग्लुकोजमागे सुमारे २८०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि ताडपत्रीखाली ती कोंडते. दाण्यातील बंध तुटतात हे खरे. पण तो खर्च आहे. जमा होते ती प्राणवायूशी नवे बंध जुळताना. म्हणून गंजी वाचवायची तर ओल कमी करावी, म्हणजे श्वसन मंदावते. आणि गंजी उकलून पसरावी, म्हणजे साठलेली उष्णता निघून जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘एमएयूएस ७१’सारखे सोयाबीनचे वाण दिले, पण चांगल्या वाणाचे बियाणेही तापलेल्या गंजीत उगवणशक्ती गमावते. दहावीचा पाठ शेतकऱ्याच्या घरातील मुलाला इथपर्यंत आणू शकतो, आणि आणत नाही. आमची मुख्य तक्रार ही आहे.

एटीपीचा खुलासाही असाच आहे. फॉस्फेटचा बंध तुटताना ऊर्जा खर्चच होते. पण त्याच अभिक्रियेत पाण्याचा रेणू सामील होतो, नवे बंध जुळतात, आणि तयार होणारे आयन पाण्यात अधिक स्थिर असतात. शिलकीचा आकडा ३०.५, आणि तोही निव्वळ उष्णतेचा नसून मुक्त ऊर्जेचा. एनसीईआरटीच्या वाक्यात ‘पाण्याच्या साहाय्याने’ हा उल्लेख होता, हे श्रेय दिले पाहिजे. दुर्दैव असे की, पाठांतरात नेमका तोच गळतो.

मग पाठ कसा असावा? आमच्या मते त्याला चुन्यासारखे दुसरे उदाहरण नाही. भट्टीत १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीचा कळीचा चुना करताना सुमारे १७८ किलोज्यूल खर्च होतात. मिळालेला ५६ ग्रॅम चुना पाण्यात विझवताना सुमारे ६५ परत येतात. तोच चुना भिंतीत हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पुन्हा दगड होतो, तेव्हा उरलेले ११३ परत मिळतात. ६५ आणि ११३ मिळून १७८! जर्मेन हेसने १८४० साली सांगितलेला उष्णतेच्या बेरजेचा नियम आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत असा मुरलेला आहे.

वर्गात एवढे करता येईल. १०० मिलिलिटर पाण्यात ५-६ ग्रॅम ताजा कळीचा चुना शिक्षकांनी स्वत: थोडा थोडा टाकावा आणि तापमान नोंदवावे. हिशेबाने सुमारे १५ अंशांची वाढ यायला हवी. कमी आली तर का, याची चर्चा करावी: काही चुना हवेतच विझलेला असेल, काही उष्णता भांड्याने घेतली असेल. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि चुन्याच्या ढिगावर पाणी कधीही ओतू नये. दुसऱ्या पेल्यात पाण्यात लिंबूसत विरघळवून खाण्याचा सोडा टाकावा. मिश्रण फसफसते आणि गार होते. उष्माग्राही अभिक्रिया तापवल्याशिवाय होतच नाही, हा समज तेथेच मोडतो. उष्माग्राही अभिक्रिया दाखवण्यासाठी एनसीईआरटीच्या पुस्तकाने बेरियम हायड्रॉक्साइड सुचवले होते. ते विषारी आहे आणि खेड्यातील शाळेत सहसा नसते. सोडा आणि लिंबूसत किराणा दुकानात मिळते.

पुस्तके बदलायला वर्षे लागतात. प्रश्नपत्रिका शिक्षक स्वत: काढतात. ‘पुढीलपैकी उष्मादायी अभिक्रिया कोणती?’ या प्रश्नाऐवजी चाचणीत एवढेच विचारून पाहावे: ‘बंध तोडायला ऊर्जा लागते, तर मग सोयाबीनची ओली गंजी तापते कशी?’ ज्याला हे उत्तर लिहिता आले, त्याला पाठ समजला असे आम्ही म्हणू.