वृत्तपत्रविद्येच्या पात्रता-परीक्षेसंबंधी

वृत्तपत्रविद्या आणि जनसंज्ञापन या विषयाची राष्ट्रीय पात्रता-परीक्षा पूर्वी अध्यापकपद व संशोधनवृत्ती यांपुरतीच होती. २०२४ पासून पीएच.डी.च्या प्रवेशातही तिचे गुण धरले जात असल्यामुळे तिच्या स्वरूपाचा विचार करणे विद्यापीठीय विभागांस अगत्याचे झाले आहे.

डिसेंबर २०११ पर्यंत या परीक्षेची तिसरी प्रश्नपत्रिका विवेचनात्मक उत्तरांची होती. जून २०१२ पासून तीही बहुपर्यायी झाली. आज पहिल्या पत्रिकेत ५० आणि दुसरीत १०० प्रश्न असतात. उत्तर लिहावयाचे नसून ओळखावयाचे असते, आणि या एका बदलाने अध्ययनाची रीतच पालटली. विद्यार्थी मूळ ग्रंथ बाजूस सारून 'गाइड' हाती घेतो, याचा दोष सर्वस्वी त्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. विवेचनात्मक उत्तरे तपासताना परीक्षकाच्या लहरीसही वाव होता, हेही मान्य केले पाहिजे.

तथापि या रीतीत काय हरपते? मॅककोम्ब्ज आणि शॉ यांचे 'अजेंडा-सेटिंग'विषयक संशोधन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले, एवढे घोकलेल्या टिपणात असते. ते १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपेल हिल या अमेरिकन गावातील, मत निश्चित न झालेल्या अवघ्या १०० मतदारांच्या मुलाखतींवर आधारलेले होते, हे त्यात सहसा नसते. ज्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे शेजारी शेजारी नांदतात, तेथे हा सिद्धांत कितपत लागू पडेल? चार भाषांच्या घरांत एकच विषयक्रम पोहोचतो काय? हा प्रश्न चार पर्यायांत मावत नाही; प्रबंधाचा विषय मात्र तो सहज होऊ शकेल.

इतिहासाचीही तीच गत. हिकीचे 'बेंगॉल गॅझेट' १७८०, जांभेकरांचे 'दर्पण' १८३२, देशी वृत्तपत्रांचा कायदा १८७८, ही सनावळी मुखोद्गत होते. परंतु मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेल्या चौघांत 'गझनफर' या पत्राचे संपादक कुर्बान हुसेन होते, ही गोष्ट त्या सनावळीत कोठे बसवावी? त्यांच्यावरील आरोप पोलिसांच्या हत्येचा होता, लेखनाचा नव्हे. म्हणूनच संपादक आणि चळवळ्या यांमधील सीमारेषा त्या काळी कोठे होती, हे तपासणे आवश्यक ठरते. चार हुतात्मा पुतळ्यावरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडू नये, ही या परीक्षेपेक्षा आपल्या अध्यापनाचीच अधिक उणीव होय.

'कथन आणि कारण' या धर्तीचे प्रश्न मात्र त्यातल्या त्यात विचारास चालना देणारे असतात. तयारीचा आरंभ तेथूनच करावा. जुनी प्रश्नपत्रिका सोडविताना बरोबर पर्यायावर खूण करून न थांबता, उरलेले तीन का चुकले हे प्रत्येकी दोन ओळींत वहीत लिहावे, आणि ती वही दर आठवड्यास आपल्या अध्यापकांस दाखवावी.