कृत्रिम जीर्णतेचे सौंदर्यशास्त्र : विद्युत-गिटारीच्या धातुभागांच्या संदर्भात

सारांश :
नव्या विद्युत-गिटारीचे धातूचे भाग रसायनांच्या आणि घर्षणाच्या साहाय्याने जुनाट करण्याची प्रथा गेल्या तीन दशकांत वाद्यनिर्मितीची एक मान्य शाखा बनली आहे. प्रस्तुत लेखात या प्रथेची सौंदर्यशास्त्रीय आणि नैतिक अंगांनी समीक्षा केली आहे. आलॉइस रीगल यांच्या 'वयोमूल्य' या संकल्पनेच्या आधारे येथे असे प्रतिपादन केले आहे की, लाकडावरील कृत्रिम झीज काही अंशी वादकाच्या हाताला उपयोगी पडते. धातूवरील गंज मात्र केवळ दर्शनासाठी असतो. म्हणून या प्रथेची खरी परीक्षा धातूवरच होते.

बीजशब्द : विद्युत-गिटार, जीर्णता, वयोमूल्य, मुलामा, अस्सलपणा, अनुकृती.

१. प्रस्तावना

जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकेतील वाद्य-व्यापाऱ्यांच्या वार्षिक प्रदर्शनात फेंडर कंपनीच्या 'कस्टम शॉप' या विभागाने दोन गिटारी मांडल्या. त्या नव्या होत्या. पण त्यांचे लॅकर उडालेले, लाकूड उघडे पडलेले आणि धातूचे भाग डागाळलेले होते. यातून 'रेलिक' या नावाची मालिका सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत जुनाटपणा आणण्याचे काम मिसूरी राज्यातील व्हिन्स क्युनेटो यांच्या कार्यशाळेत होत असे. पुढे गिब्सन कंपनीनेही हा मार्ग धरला आणि २०२१ मध्ये 'मर्फी लॅब' या नावाने केवळ याच कामासाठी वेगळा विभाग सुरू केला. तेथे जीर्णतेच्या पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. ग्राहक अतिसौम्य ते अतितीव्र यांपैकी हवी ती निवडतो. जे वय केवळ जगून मिळत असे, ते आता मागणीनुसार मिळू लागले आहे.

या विषयावरील लेखन बहुधा दोन प्रकारचे आढळते. एक कृती सांगणारे, दुसरे 'हे खोटे आहे' असे म्हणून विषय संपवणारे. पहिल्यात प्रश्नच नसतो आणि दुसऱ्यात उत्तर फार लवकर येते. उघडपणे 'जुनाट केलेली' म्हणून विकलेली वस्तू फसवणूक ठरत नाही. तरीही तिच्याविषयी काही अस्वस्थता उरते. त्या अस्वस्थतेचे कारण शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. धातू कसा म्हातारा होतो

गिटारीवरील धातूचे मुख्य भाग म्हणजे ब्रिज (आपल्या तंतुवाद्यांतील घोडीचे काम करणारा भाग), त्यावरील प्रत्येक तारेला आधार देणारी सॅडल, तारा ताणणाऱ्या खुंट्या, पिकअपवरील आवरण आणि हे सर्व जागेवर धरणारे स्क्रू. हे भाग पोलाद, पितळ, जस्ताचा मिश्रधातू किंवा ॲल्युमिनियम यांचे असून त्यांवर बहुधा निकेल, क्रोम किंवा सोन्याचा मुलामा असतो.

प्रत्येक मुलाम्याचे वार्धक्य निराळे असते. निकेल हळूहळू मंद पडते, त्यावर दुधी, पिवळसर झाक येते. घामातील क्षार आणि आम्ले ही क्रिया वेगवान करतात. सोन्याचे पाणी अत्यंत पातळ असल्याने जेथे हात घासतो तेथून ते प्रथम जाते आणि खालचे निकेल दिसू लागते. क्रोमचे वागणे याहून वेगळे आहे. हवेशी संपर्क येताच त्यावर ऑक्साइडचा सूक्ष्म थर तयार होतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. म्हणून क्रोम सहसा मंद पडत नाही. मात्र त्यातील बारीक छिद्रांतून ओलावा आत शिरला की खालचा धातू गंजतो आणि वर ठिपके उमटतात. गिब्सनच्या गिटारींवर १९६५ च्या सुमारास निकेलऐवजी क्रोम वापरात आले. त्यामुळे १९५०–६० च्या काळातील गिब्सनचा आभास निर्माण करू पाहणारा कारागीर क्रोमचे भाग हाती आल्यास आधी क्रोम उतरवून निकेल उघडे करतो. धातूचे वय खोटे करण्याआधी त्याची जात बदलावी लागते.

कृत्रिम जीर्णतेची सर्वांत प्रचलित रीत वाफेची आहे. सुटे केलेले भाग झाकणबंद भांड्यात हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वर टांगले जातात. आम्लाला स्पर्श न होता केवळ वाफेने काही तासांत अनेक वर्षांचा मळकटपणा येतो. विद्युत-मंडलांच्या पट्ट्या कोरण्यासाठी वापरले जाणारे फेरिक क्लोराइड, पितळासाठी अमोनियाची वाफ, सौम्य परिणामासाठी मीठ आणि व्हिनेगर, तसेच स्क्रू-नटांसह डब्यात घोळवणे या अन्य रीती होत. शेवटी भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन आम्ल शमवावे लागते, नाहीतर क्षरण चालूच राहते.

या कामातील धोका अनेक हौशी लोक कमी लेखतात. ही वाफ डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला इजा करते. आम्लाचा कपडे पांढरे करणाऱ्या ब्लीचशी संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. धुतलेल्या पाण्यात निकेल आणि तांब्याचे क्षार उतरतात आणि ते पाणी बऱ्याचदा सरळ मोरीत जाते. केवळ दिसण्यासाठी ही किंमत मोजली जाते, हे मूल्यमापन करताना विसरून चालणार नाही.

३. वयोमूल्य आणि नवलाई

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलॉइस रीगल यांनी १९०३ मध्ये स्मारकांच्या आधुनिक पूजेविषयी जो निबंध लिहिला, त्यात ऐतिहासिक मूल्याहून वेगळे असे 'वयोमूल्य' त्यांनी मांडले. वस्तूवर निसर्गाने आणि काळाने केलेला परिणाम पाहून मनात जी भावना जागते, तिच्यात हे मूल्य असते. ते जाणण्यासाठी इतिहासाचे ज्ञान लागत नाही. त्याच विवेचनात रीगल एक मर्मग्राही निरीक्षण नोंदवतात. मानवनिर्मित नव्या वस्तूकडून आपण पूर्णतेची अपेक्षा करतो आणि निसर्गाकडून कालांतराने होणाऱ्या विघटनाची. म्हणून नव्या वस्तूवरील अकाली जीर्णता आपल्याला जितकी खटकते, तितकाच जुन्या वस्तूवरील ठळक नवेपणाही खटकतो.

'रेलिक' गिटारीने या नियमालाच आव्हान दिले आहे. तिची जीर्णता अकाली आहे आणि ग्राहकाला ती ठाऊकही आहे. तरी ती त्याला खटकत नाही, उलट हवीशी वाटते. याचा अर्थ रीगल चुकले असा होत नाही. वयोमूल्य हे काळाच्या ज्ञानावाचून, केवळ दृश्य खुणांनी जागे होते, हे त्यांचेच म्हणणे येथे टोकाला गेलेले दिसते. ज्या खुणांवरून आपण काळ ओळखत होतो, त्या खुणा काळापासून सुटल्या आणि स्वतंत्रपणे विकल्या जाऊ लागल्या.

काळाविषयीची ही भक्ती नवी नाही. विल्यम हॉगार्थ यांनी १७६१ मध्ये एक उपरोधिक मुद्राचित्र केले. त्यात वृद्धाच्या रूपातील काळ चिलमीचा धूर एका चित्रावर सोडताना दाखवला आहे. काळाने चित्र सुधारते, असे मानणाऱ्या संग्राहकांची ती थट्टा होती. आज हे काम चिलमीऐवजी आम्लाच्या भांड्याकडे आले आहे, इतकाच फरक.

येथे आपल्या भाषेची साक्ष काढण्याजोगी आहे. धातूवरील जुनेपणासाठी मराठीत मळ, गंज, डाग, कळंक असे शब्द आहेत आणि ते सारे दोषवाचक आहेत. पितळेचे भांडे चिंचेने घासून लख्ख करणे हा आपल्या घरांतील संस्कार. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून ती वेळीच करून घ्यावी लागते. जुनेपणाचा गौरव करणारा 'मुरणे' हा शब्द आपण लोणच्याला, गवयाच्या गळ्याला, माणसाला लावतो. धातूला लावत नाही. मुरण्यात बदल आतून होतो, गंजण्यात तो बाहेरून होतो. हा भेद पुढील विवेचनास उपयोगी आहे.

४. खुणांचा नकाशा

जुन्या गिटारीच्या धातूवरील खुणा सर्वत्र सारख्या नसतात. उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर टेकतो तेथे मुलामा मंद पडतो आणि सॅडलची उंची ठरवणारे बारीक स्क्रू घामाने सर्वांत आधी गंजतात. घामापासून दूर असलेल्या खुंट्या बऱ्याच अंशी चकचकीत राहतात. त्यांच्या बोटांनी धरावयाच्या कडाच तेवढ्या झिजतात. वारंवार फिरवलेल्या स्क्रूची खाच पेचकसाने रुंदावलेली असते, कधीच न फिरवलेल्या स्क्रूची तशीच राहते. अशा रीतीने धातूवर एका विशिष्ट वादकाच्या सवयींचा नकाशा उमटलेला असतो.

आम्लाची वाफ हा भेद जाणत नाही. ती तळव्याखालची सॅडल आणि दूरची खुंटी यांवर सारखाच परिणाम करते. परिणामी जे दिसते ते कोणाही माणसावाचून गेलेल्या काळाचे, दमट गोदामात पडून राहिलेल्या वस्तूचे वय असते. उत्तम कारागिराला हे ठाऊक असते. म्हणून तो काही भाग मेणाने झाकतो, वाफेनंतर उंचवट्याच्या कडा पुन्हा घासून उजळतो आणि लाकडावरील झीज व धातूवरील झीज यांचा मेळ घालतो. त्यासाठी त्याला एक वादक कल्पावा लागतो. तो बसून वाजवतो की उभा राहून, त्याचा हात कोठे टेकतो, त्याला घाम किती येतो, हे ठरवावे लागते. या अर्थाने त्याचे काम कथालेखनाच्या जवळ जाते आणि त्याला कथेचाच निकष लावता येतो. तो निकष म्हणजे अंतर्गत संगती. लाकूड उघडे पडेपर्यंत वाजवलेल्या गिटारीचे सॅडल-स्क्रू कोरे असतील, किंवा लाकूड जवळजवळ नवे असताना खुंट्या गंजल्या असतील, तर ती कथा फसली असे म्हणावे लागते.

कल्पित वादकाऐवजी खरा वादक समोर ठेवला, तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर यांनी १९६३ मध्ये कॉर्क शहरात १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर विकत घेतली आणि आयुष्यभर वाजवली. तिचे लॅकर जवळजवळ नाहीसे झाले आणि सहा खुंट्यांपैकी एक निराळ्या बनावटीची होऊन बसली. १९९५ मध्ये, म्हणजे 'रेलिक' मालिका सुरू झाली त्याच वर्षी, गॅलाघर निवर्तले. पुढे फेंडरने या गिटारीची अनुकृती काढली. तीत ती विजोड खुंटीदेखील तशीच घेतली आहे. मूळ गिटारीत ती खुंटी हा दुरुस्तीचा योगायोग होता, गरज होती. अनुकृतीत ती नियोजित अलंकार झाली. एरिक क्लॅप्टन यांची 'ब्लॅकी' ही गिटार २००४ मध्ये लिलावात ९,५९,५०० डॉलरला विकली गेली. २००६ मध्ये तिच्या २७५ अनुकृती निघाल्या आणि एका हाताच्या खुणा २७५ घरांत पोहोचल्या. या अनुकृती प्रामाणिक आहेत, कारण त्या स्वतःला अनुकृती म्हणवतात. परंतु खुणेचे एकमेवपण, जो तिचा प्राण होता, तेच त्यांतून हरवते.

५. उपयुक्ततेचा युक्तिवाद

या प्रथेच्या समर्थनार्थ एक वजनदार युक्तिवाद केला जातो. नवी, चकचकीत गिटार वादकाला संकोचात टाकते आणि पहिला ओरखडा उठेपर्यंत तो मोकळेपणाने वाजवत नाही. घासून गुळगुळीत केलेली मान आणि गोलसर केलेल्या कडा हाताला आपल्या वाटतात. हे म्हणणे खरे आहे आणि मानेच्या लाकडाबाबत ते पूर्णपणे मान्य करता येते. सॅडलच्या धारदार कडा गोल करणेही याच सदरात मोडते. ते सुबक कारागिरीचे काम आहे.

मात्र गंजाच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकत नाही. गंजलेला स्क्रू हाताला सुखावत नाही, तो अडकतो. सॅडल मागेपुढे सरकवून प्रत्येक पडद्यावरचा स्वर अचूक लावता येतो; स्क्रू अडकला की ते अवघड होते. खडबडीत झालेली सॅडल तारेला कापू शकते. मानेच्या झिजेत काहीतरी 'मुरल्याचा' अनुभव हाताला येतो. धातूच्या गंजात वाद्य म्हणून काहीच वाढत नाही. म्हणूनच जो निर्माता मान घासतो आणि धातू तसाच ठेवतो, तो वादकाचा विचार करतो. जो धातू गंजवतो तो प्रेक्षकाचा विचार करतो, मग तो प्रेक्षक स्वतः मालकच का असेना.

एक अपवाद येथे नोंदवला पाहिजे. जुन्या गिटारीचा एखादा भाग तुटल्यास त्याजागी बसवलेला नवा, लखलखीत भाग विसंवादी दिसतो. अशा वेळी नवा भाग थोडा मंद करून बसवणे योग्य ठरते. इटालियन विचारवंत चेझारे ब्रांदी यांनी पुनःस्थापनेविषयी १९६३ च्या ग्रंथात घातलेली मर्यादा येथे लागू पडते : भरलेली जागा दुरून एकरूप दिसावी, पण जवळून पाहता ओळखू यावी.

ही मर्यादा ओलांडली की फसवणुकीचा आरंभ होतो. संपूर्ण गिटारीला क्रमांक असतो. सुट्या सॅडलला किंवा स्क्रूला सहसा कोणतीच ओळख नसते. जुन्या वाद्यांच्या बाजारात मूळ भागांना मोठी किंमत असल्याने, आज जाहीरपणे 'जुनाट केलेला' म्हणून विकलेला भाग दोन-तीन हात बदलल्यावर 'मूळचा' म्हणून पुढे येणे सहज शक्य आहे. पहिला विक्रेता प्रामाणिक असूनही वस्तू स्वतः खोटे बोलू लागते. न दिसणाऱ्या बाजूवर कायमचा ठसा उमटवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कृत्रिम जीर्णता उघडपणे सांगितली असता तिला फसवणूक म्हणता येत नाही, परंतु सुट्या धातुभागांना ओळख नसल्याने ती पुढे फसवणुकीचे साधन होऊ शकते.

२) या कामाचे मूल्यमापन तीव्रतेवरून न करता खुणांच्या संगतीवरून करावे. केवळ वाफेने आणलेला सरसकट मळकटपणा हा या कलेचा सर्वांत कनिष्ठ प्रकार होय.

३) लाकडाच्या झिजेला उपयुक्ततेचा आधार आहे, धातूच्या गंजाला तो नाही. त्यामुळे गंजाचे समर्थन केवळ दृश्य सौंदर्याच्या आधारे करावे लागते आणि त्यासाठी आरोग्याची व सांडपाण्याची किंमतही हिशेबात धरावी लागते.

४) सर्वांत मोठी हानी मालकाची स्वतःची आहे. कोऱ्या निकेलवर त्याच्या तळव्याची पहिली मंद झाक उमटली असती, तर दहा-वीस वर्षांनी ती गिटार त्याच्याविषयी काही सांगू शकली असती. आधीच गंजलेल्या ब्रिजवर त्याचा घाम काय लिहिणार? कोणा कल्पित वादकाच्या खुणांत त्याच्या खुणा मिसळून जातात आणि पुढे कोणालाही त्या वेगळ्या काढता येत नाहीत. धातू हा वाद्याचा साक्षीदार आहे. आधीच पढवलेल्या साक्षीदाराकडून नंतर खरी साक्ष मिळत नाही.