सारखा वाटा, पण कोणाचा?

नेटवर्कचे प्रोटोकॉल जोखताना 'न्याय'ही मोजतात. राज जैन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्यासाठी निर्देशांक दिला: सगळ्यांना सारखा वेग मिळाला की उत्तर १. सूत्र सुरेखच आहे. पण 'सगळे' म्हणजे कोण, हे सूत्र ठरवत नाही. संशोधक बहुधा कनेक्शन मोजतात. आता बघा हं, एकाच तारेवर एकाने दहा कनेक्शन उघडली, दुसऱ्याने एकच. अकरा सारखे वाटे, निर्देशांक १. आणि पहिल्याच्या पदरात अकरापैकी दहा! बॉब ब्रिस्को यांनी २००७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. न्याय माणसामाणसांत असतो, कनेक्शनांमध्ये नाही. म्हणून शोधनिबंधात हा आकडा दिसला, की आधी विचारायचं: मोजलं कोणाला?