पळभर आणि नऊ महिने

दिवाळी अंकात मरणाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या पूर्वजांना तो या सणात परका वाटला नव्हता. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे ज्योत करून यमासाठी दिवा लावावयाचा, आणि भाऊबीजेचे दुसरे नाव तर यमद्वितीयाच. बहिणीच्या घरी जेवावयास गेलेला कथेतला भाऊ हा साक्षात यमधर्म. ज्या सणात त्याचेही औक्षण होते, त्या सणात ‘आपण नसणे म्हणजे काय’ असे विचारले, तर वाचक रागावणार नाहीत.

प्रश्न दिसतो तितका सोपा मात्र नाही. घटकाभर डोळे मिटून आपले नसणे कल्पून पाहावे. घर दिसते, भिंतीवरची तसबीर दिसते, हळू आवाजात बोलणारी माणसे दिसतात. सगळे दिसते, पण पाहतो कोण? आपणच, दाराआड उभे राहून! व्हिएन्नाच्या डॉक्टर फ्रॉइडने १९१५ साली, महायुद्धाच्या धुमाळीत, हेच लिहून ठेवले आहे की, स्वतःचे मरण कल्पावयास जावे तर प्रेक्षक म्हणून आपण उरतोच. रोज माणसे जाताना पाहूनही मागे राहिलेला स्वतःला अमर समजतो, याचे युधिष्ठिराला यक्षापुढे आश्चर्य वाटले. त्यात मोहाइतकाच बुद्धीचा नाइलाजही असावा.

आमच्या कवींनी हा पेच कसा सोडविला, हे तीन कवितांवरून पाहण्याजोगे आहे.

पहिली तुकोबांची. आपले मरण आपणच पाहिल्याची ग्वाही त्यांनी एका अभंगात दिली आहे, आणि तो प्रसंग त्यांना सोहळ्यासारखा वाटला. पण तेथे मेला तो अहंकार. पाहणारा गेला नाही. उलट तो त्रिभुवनाएवढा झाला. म्हणजे तुकोबांचे मरण हे नसणे नव्हेच, ते अधिक असणे आहे. संताला ते साधले. तुम्हा-आम्हा संसारी माणसांचा प्रश्न मात्र होता तेथेच राहतो.

दुसरी कविता राजकवी भा. रा. तांबे यांची. आपल्यामागे लोक पळभर हळहळतील, असे सांगणारी ही कविता लता मंगेशकरांच्या आवाजामुळे घरोघर पोहोचली आहे. सूर्य-चंद्र आपल्या वेळी उगवतील, पाऊस पडेल, शेते पिकतील; सोयरे डोळे पुसून कामाला लागतील आणि पुन्हा हसतीलही. तिच्यातली नदीकाठाची कल्पना मला फार मोठी वाटते. नदी वाहतेच आहे, फक्त त्या काठावर ही पावले पुन्हा उमटणार नाहीत. नसण्याचे चित्र काढता येत नाही. तांब्यांनी काठ काढला आणि पावलांची जागा कोरी ठेवली. दाराआडच्या त्या प्रेक्षकाला बाहेर काढण्यात मराठी कविता याहून पुढे क्वचितच गेली असेल.

सात रस्त्याला दहा मिनिटे उभे राहिले, तर तांब्यांचे म्हणणे अक्षरशः पटते. सातही वाटांनी माणसे येतात, जातात. त्यांतला एखादा उद्या आला नाही, तर एकाही वाटेचा ओघ थांबत नाही. तरीही येथे कवीशी भांडावेसे वाटते. अशा जगासाठी का कुढावे, या प्रश्नाकडे कविता वळते, तेव्हा बाहेर घालविलेला तो प्रेक्षक परत येतो, आणि येतो तो रुसून. शिवाय माणसे कामाला लागली म्हणजे ती विसरली, हे तरी कोणी ठरविले? सोलापुरात विणकराच्या घरी माणूस गेले तरी दिवस होताच माग पुन्हा सुरू होतो, कारण माग थांबला तर चूल थांबते. पण कांड्या भरावयास बसणारी आजी गेली असेल, तर त्या जागी दुसरे कोणी बसते, आणि त्या हातांची सवय वेगळी आहे, हे विणणाऱ्याला रोज कळते. ती उणीव बोलून दाखविली जात नाही. कामातच ती नांदत असते.

तिसरी कविता आमच्या सोलापूरच्या कवी कुंजविहारींची, ‘भेटेन नऊ महिन्यांनी’. फाशी जाणारा देशभक्त आईची समजूत घालतो की, रडू नको, मी पुन्हा जन्म घेऊन येतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या चौघांच्या गावात ही कविता नुसती कविता म्हणून वाचता येत नाही. खुदीराम बोस १९०८ साली फाशी गेले, त्यांच्यावरच्या बंगाली लोकगीतातही आईला असेच वचन आहे. तेथे हिशेब दहा महिने दहा दिवसांचा.

ही कविता भाबडी आहे, असे म्हणता येईल. पुनर्जन्मावर विश्वास नसलेल्याला तिचा आधार वाटणार नाही. तरीही आपल्या प्रश्नापुरते पाहिले, तर ती तिघींत अधिक जाणती आहे. कारण तिच्यातला माणूस ‘माझे काय होईल’ हे विचारीतच नाही. त्याच्या डोळ्यांपुढे आई आहे. लुक्रेशियस या रोमन कवीने म्हटले होते की, जन्मापूर्वीचा काळ हा मरणानंतरच्या काळाचा आरसा आहे. वर्गात १९३० सालच्या सोलापूरच्या मार्शल लॉची हकीकत सांगताना मी हे पाहतो. मुले चौघांसाठी हळहळतात. आपण त्या वेळी नव्हतो, याचे दुःख एकालाही होत नाही. नसणे हे नसणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही. ते येते मागे राहणाऱ्याच्या वाट्याला. आपण कल्पनेने जे शोधू पाहतो, ते आपल्याजवळ नसून दुसऱ्याच्या घरात आहे.

म्हणून त्या नऊ महिन्यांचे मोल. तांब्यांनी जगाचे माप घेतले, ते पळाचे निघाले, आणि जगापुरते ते खरेही आहे. कुंजविहारींनी आईचे माप घेतले. ते तिला कोणी शिकवावे लागत नाही. तिने ते एकदा अंगाने मोजलेले असते. मुलगा परत येत नाही, हे तिलाही ठाऊक असावे. पण मोजावयास काही दिवस हाती दिले, म्हणजे पहिला दिवस तरी निभावतो.