कुल आणि कूळ : कोकणातील वसाहत-वृत्तान्तांचे एक वाचन

कुलवृत्तान्त हा ग्रंथप्रकार मराठी समीक्षेने जवळजवळ विचारातच घेतलेला नाही. इतिहाससंशोधक त्याकडे साधनसामग्री म्हणून पाहतात, समाजशास्त्रज्ञ विवाहसंबंधांची कोष्टके करण्यासाठी त्याचा उपयोग करतात आणि साहित्याचे अभ्यासक तो संबंधित घराण्यांच्या कपाटांत सोडून देतात. वास्तविक, आपटे, पेंडसे, गोडबोले, लिमये, बापट अशा घराण्यांच्या या जाडजूड ग्रंथांना निश्चित रूपबंध आहे, आरंभ आहे, निवेदकाचा एक विशिष्ट स्वर आहे आणि मौनाच्या ठरलेल्या जागाही आहेत. ज्या प्रकाराला आरंभ आणि मौन दोन्ही आहेत, त्याचे साहित्य म्हणून वाचन होऊ शकते. किंबहुना व्हावयास हवे. प्रस्तुत लेखात कोकणच्या किनारी शेतीप्रदेशातील आद्य वसाहतकारांच्या वृत्तान्तांचा या दृष्टीने विचार केला आहे. त्यासाठी अवधच्या तालुकदारी परंपरेचा तुलनेचा संदर्भ घेतला आहे.

प्रारंभी एका शब्दाची नोंद घेणे आवश्यक आहे. मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंश, घराणे. आणि ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, खंड भरणारा शेतकरी. कुलदैवत, कुलाचार, कुलवृत्तान्त हे शब्द पहिल्या अर्थाच्या घरातले. कूळकायदा, कुळवहिवाट, कुळवाडी हे दुसऱ्या अर्थाच्या. कोकणातील एकाच गावात हे दोन्ही अर्थ पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदले. एका कुळाचा वृत्तान्त छापला गेला आणि दुसऱ्या कुळाची नोंद खोताच्या वहीत येणे-बाकीच्या रकान्यात राहिली. या दोन नोंदींमधील अंतर हाच येथील विवेचनाचा विषय आहे.

१

कोकणातील वसाहतीचा सर्वांत महत्त्वाचा जुना मराठी वृत्तान्त म्हणजे ‘महिकावतीची बखर’. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. बखरीची प्रकरणे वेगवेगळ्या काळांतील आहेत. त्यांपैकी केशवाचार्यांच्या नावावरील भाग शके १३७०, म्हणजे इ.स. १४४८ मधील आहे. बिंब राजाबरोबर उत्तर कोकणात आलेल्या कुळांची वंशवार मोजदाद, त्यांची गोत्रे, त्यांना मिळालेली गावे असा तपशील तीत येतो. वसई, केळवे, माहीम या पट्ट्यातील वाडीबागायत करणाऱ्या समाजांनी आपल्या आगमनाची स्मृती आजही या बखरीशी जोडलेली आहे.

तथापि येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. आगमनाची कथा आगमनाच्या वेळी लिहिली गेलेली नाही. परंपरेनुसार बिंबाचे आगमन बाराव्या शतकातले. केशवाचार्यांचे लेखन पंधराव्या शतकातले. मधल्या काळात राजसत्ता पालटली होती, वृत्त्या डळमळल्या होत्या, आचार शिथिल झाल्याची भावना दाटली होती. देवीच्या दृष्टान्ताने नायकोराव जागा होतो, लोकांना एकत्र करतो आणि कुळांची उजळणी होते, अशी या भागाची रचना आहे. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द याच संदर्भात येतो. सारांश, आपण कोठून आलो हे सांगण्याची निकड समाजाला वाटली ती आपले स्थान टिकेल की नाही अशी शंका निर्माण झाल्यावर. वसाहतीची कथा ही वस्तुतः धोक्यात आलेल्या हक्काची कथा असते. हे सूत्र पुढील चार शतकांतील वृत्तान्तांनाही लागू पडते.

२

दुसरे उदाहरण दापोली तालुक्यातील मुरूडचे. या गावाच्या स्थापनेचा वृत्तान्त देणारा एक जुना दस्तऐवज रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १८६०च्या दशकात चर्चेस आणला. मंडलिक स्वतः मुरूडचे. नवे गाव वसविणे म्हणजे काय, हे या दस्तऐवजामुळे अभ्यासकांपुढे प्रथमच इतक्या स्पष्टपणे आले. कोकणात गाव ‘बसविणे’ ही नुसती घरे बांधण्याची क्रिया नव्हती. रान तोडणे, ग्रामदेवतेची स्थापना करणे, सीमा ठरविणे, खाजणाला बांध घालून खारे पाणी अडविणे, भातखाचरे आणि आगरे पाडणे, आणि मग या सर्वांवर कोणाचा कोणता हक्क हे निश्चित करणे, असा तो क्रम असे. नव्याने लागवडीस आणलेल्या जमिनीला आरंभी सवलतीचा आणि पुढे वर्षागणिक चढत जाणारा सारा, म्हणजे इस्तावा, कौलाने दिला जाई. या व्यवस्थेत ‘प्रथम कोण आले’ हा प्रश्न आदराचा नव्हता, महसुलाचा होता.

मंडलिकांचा लेख ज्या दशकात आला, त्याच दशकात, १८६५ साली, मुंबई इलाख्याचा पाहणी व जमाबंदीविषयक कायदा झाला आणि खोतांच्या हक्कांचा वाद ऐरणीवर आला. पुढे १८८०चा खोती कायदा झाला. गावाच्या स्थापनेचा पुरावा आणि खोताचे मालकीचे स्वरूप या दोन चर्चा एकाच काळात चाललेल्या दिसतात. लेखामागे केवळ स्वार्थ होता असा याचा अर्थ नव्हे. मंडलिकांची विद्वत्ता निःसंशय होती. परंतु विद्वत्तेला विषय कोठून सुचतो, हेही समीक्षेने पाहिलेच पाहिजे.

खोतीच्या अंतर्गत रचनेकडे पाहिले म्हणजे वंशावळीचे प्रयोजन अधिक उघड होते. खोती वंशपरंपरेने विभागली जाई. घराण्याच्या शाखांच्या तक्षिमा ठरत आणि अनेक ठिकाणी गावची वहिवाट पाळीपाळीने एकेका शाखेकडे जाई. आपली पाळी केव्हा, आपला हिस्सा किती, हे कळण्यासाठी आपला पणजोबा कितवा मुलगा हे माहीत असावे लागे. वंशावळ ही अशा प्रकारे हिशेबाची वही होती. कोर्टकचेऱ्यांत ती पुरावा म्हणून दाखल होई. पुढील काळातील कुलवृत्तान्तातला सुबक वंशवृक्ष या वादग्रस्त कागदाचाच वारस आहे. छापताना वाद गळाला, वृक्ष राहिला.

३

विसाव्या शतकातील कुलवृत्तान्तांचा रूपबंध ठरीव आहे. गोत्र, प्रवर, कुलदैवत आणि मूळ गाव यांनी आरंभ; मूळ पुरुषाची हकिकत; त्यातून फुटलेली घराणी; आणि मग पिढीवार व्यक्तींच्या नोंदी. नोंदीचे वाक्य तुटक, क्रियापद बहुधा भूतकाळी. पुरुष शिकतो, नोकरी करतो, जमीन घेतो, देवालयाचा जीर्णोद्धार करतो. मुलगी मात्र अमक्या गावच्या अमक्यास ‘दिली’ जाते. घरात आलेल्या स्त्रीची माहेरचे आणि सासरचे अशी दोन नावे, वडिलांचे नाव आणि गाव एवढा तपशील मिळतो. येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. स्त्रियांना कर्तृत्व नाकारणाऱ्या या ग्रंथांनीच त्यांची माहेरे जपून ठेवली आहेत. ती गावे नकाशावर मांडली तर पुरुषांच्या वंशवृक्षाहून अगदी वेगळी आकृती दिसू लागते. ही आकृती वृक्षाची नसून जाळ्याची असते आणि खाडीच्या दोन्ही तीरांना जोडते. संपादकांना अभिप्रेत नसलेला हा दुसरा ग्रंथ पहिल्याच्या पोटात आहे.

आणखी एक बाब. हे वृत्तान्त बहुतांशी कोकणात सिद्ध झालेले नाहीत. माहितीपत्रके पाठवून, नातलगांकडून टिपणे मागवून, पुणे-मुंबईकडे स्थायिक झालेल्या मंडळींनी ते सिद्ध केले. ज्यांनी मूळ गाव सोडले त्यांनी मूळ गावाचा इतिहास लिहिला. त्यामुळे आद्य वसाहतकाराचे चित्र रंगविताना लेखक नकळत स्वतःचेच चित्र रंगवितो. अनोळखी प्रदेशात जाऊन स्वकष्टाने उभा राहिलेला हा पुरुष खाडीकाठचा जितका, तितकाच चाळीतल्या बिऱ्हाडातला असतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या १९१५च्या ‘आत्मवृत्ता’शी तुलना केली असता हा फरक उमगतो. मुरूडमध्ये वाढलेल्या कर्व्यांसाठी गाव हे सांगून संपणारे मूळ नव्हते, परत जाऊन काही करण्याचे ठिकाण होते. ‘मुरूड फंडा’चा त्यांचा उपक्रम याची साक्ष देतो.

या साऱ्यात ‘कूळ’ कोठे आहे? रान तोडले म्हणजे कोणी तोडले? खाजणाचा बांध घातला म्हणजे चिखलात कोण उतरले? मूळ पुरुषाने ‘जमीन लागवडीस आणली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, मात्र त्याचा कर्ता तपासून पाहावा लागतो. कुणबी, आगरी, महार, कातकरी यांचे श्रम त्या एका प्रयोजक क्रियापदात विरून गेले आहेत. अर्धेल, मक्ता, वेठ या शब्दांना कुलवृत्तान्तात क्वचितच जागा मिळते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा संप चालविला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच. कुलवृत्तान्तांच्या ऐन भराच्या काळात घडलेल्या या घटनांचे पडसाद त्या ग्रंथांत शोधूनच काढावे लागतात.

अर्थात येथे घाईने निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. कुलवृत्तान्त खोतीच्या रक्षणासाठी लिहिले गेले, असे म्हणता येत नाही. त्यांतील अनेक घराणी खोत नव्हती. भिक्षुकी, कारकुनी आणि शिक्षकी करणाऱ्यांची संख्या मोठी होती. प्रश्न हेतूचा नसून रूपबंधाचा आहे. मूळ पुरुषापासून खाली उतरणारा वंशवृक्ष हीच ज्याची रचना, त्यात शेजाऱ्याला शिरायला वाट नसते. तो सोयरा होऊन येऊ शकतो, कूळ होऊन नव्हे.

४

लखनौहून पाहताना हे चित्र परके वाटत नाही. १८५७ नंतर तालुकदारांच्या ब्रिटिश इंडियन असोसिएशनची स्थापना १८६१ साली झाली आणि कैसरबाग हे तिचे केंद्र बनले. १८६९च्या अवध इस्टेट्स कायद्याने तालुकदारांच्या याद्याच तयार केल्या. कोणत्या घराण्यात ज्येष्ठाकडे वारसा जातो हे त्या याद्यांवरून ठरू लागले. १८८० मध्ये दारोगा अब्बास अली यांनी तालुकदारांची छायाचित्रे आणि माहिती यांचा संग्रह सिद्ध केला. कोकणात तक्षिमांमुळे सर्व शाखांची नोंद आवश्यक ठरली, तर अवधमध्ये ज्येष्ठाधिकारामुळे एकाच शाखेवर प्रकाश पडला. वारशाचा नियम बदलला की वंशकथेचा आकारही बदलतो, हे या तुलनेतून दिसून येते.

जमीनदारीच्या अस्तानंतर दोन्हीकडे कादंबरीने वंशकथेचा ताबा घेतला. खोती नष्ट करणारा कायदा १९४९चा. उत्तर प्रदेशातील जमीनदारी निर्मूलन १ जुलै १९५२ पासून अमलात आले. अतिया हुसेन यांची ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ (१९६१) लखनौतील तालुकदारी घराण्याकडे त्यातल्याच एका मुलीच्या नजरेने पाहते आणि शेवटी तिला रिकाम्या घरात परत आणते. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) जगबुडीच्या काठी एका खोत घराण्याच्या पिढ्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास मांडते. कुलवृत्तान्तात जे येत नाही, म्हणजे व्यसन, व्यभिचार, क्रौर्य, भाऊबंदकी, ते सारे पेंडशांनी सांगितले. तरीही कादंबरीचा कणा घराणे हाच राहिला. कुळवाडी तेथे जिवंत होतो, पण खोतांच्या गोष्टीतला माणूस म्हणून. वंशवृक्षाचे बंधन खऱ्या अर्थाने सुटते ते उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३). रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या या आत्मकथनात बाजारासाठी डोंगर ओलांडणाऱ्या बाया आणि आयदाने विणणारी आई हे मूळ आहे. विणकाम हीच तेथे रचना आहे. वृक्षाऐवजी जाळे, असा जो दुसरा ग्रंथ कुलवृत्तान्तात दडलेला होता, त्याचे हे उघड रूप होय.

या दोन प्रदेशांना जोडणारी दोन मराठी माणसे येथे आठवतात. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरील कर्ज फिटावे म्हणून उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या वणव्यात सापडले. परत आले ते आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड घेऊन. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा शेवटी कुलाकडे परतण्याचा वृत्तान्त आहे. दुसरे बाबा रामचंद्र. श्रीधर बळवंत जोधपूरकर हे त्यांचे मूळ नाव. ब्राह्मण असल्याचे लपवून, नाव बदलून ते गिरमिटिया मजूर म्हणून फिजीला गेले आणि परतल्यावर १९२०च्या सुमारास प्रतापगडच्या किसानांचे नेते झाले. कुळांच्या बाजूने उभे राहण्यासाठी त्यांनी कुलनाम सोडलेलेच ठेवले. वंशवृक्षात अशा माणसापुढे बहुधा ‘परागंदा’ एवढाच शब्द येतो.

५

कुलवृत्तान्त टाकाऊ नाहीत. स्थलांतर, बालमृत्यू, वैधव्य, शिक्षण, माहेर-सासरची भूगोलरेषा यांची इतकी तपशीलवार नोंद अन्यत्र दुर्मीळ आहे. मात्र ते एकटे वाचता येत नाहीत. एकाच गावाचा कुलवृत्तान्त, खोताची वही, १९४८च्या कूळकायद्याखालील दाव्यांचे कागद आणि त्याच गावच्या शेतकरी-दलित कुटुंबांच्या मौखिक हकिकती यांचे शेजारी ठेवून वाचन झाले पाहिजे. तौलनिक साहित्याला दोन भाषा लागतात असा समज आहे. कोकणातील एका गावात एकाच भाषेतील एका शब्दाचे दोन अर्थ त्यासाठी पुरेसे आहेत. त्यांतील दुसऱ्या अर्थाचा वृत्तान्त सांगू शकणारी पिढी आता थोडी उरली आहे. छापलेल्या ग्रंथांच्या पुढील आवृत्त्या निघत राहतील, वह्यांच्या निघणार नाहीत.